ताकदीच्या गोळ्या

परभणी
रविवार, १३ जुलै १९८६

ति. आश्रुबादाजींना
रंगनाथचा जयभीम.

तुमचं कार्ड परवा मिळालं. मी इकडे खुशाल आहे, तुम्ही सगळे तिकडे खुशाल असाल, असं पहिल्या ओळीत लिहायची सवय शाळेपासूनची. लिहून टाकलं. कोण किती खुशाल आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

येलदरीला धरणात पाणी किती आलं? इथं पाऊस नुसता तोंड दाखवून जातो. तुमची पॉवर हाऊसची पाळी बदलली का? बायनामावशींचे गुडघे कसे आहेत?

आक्काला जाऊन पावणेतीन महिने झाले. तिच्या मातीला बाबांनी तुम्हाला भर वस्तीत जे ऐकवलं, "माझ्या लेकीला जीव नकोसा केलात म्हणून तिनं आडात उडी टाकली," त्यानंतर तुम्ही माझ्या नावानं कार्ड टाकाल असं वाटलं नव्हतं. मी तेव्हा बाबांच्या शेजारीच उभा होतो. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघून म्हणालात, "रंगनाथ, तू तरी सांग की. घागर भरून कडंला ठिवली व्हती तिनं. जीव द्यायला जाणारी बाई आधी घागर भरती व्हय?" मी जमिनीकडे बघत राहिलो. तुमचं बरोबर होतं, एवढं आज लिहितो.

एक विनंती आहे. यापुढं कार्ड टाकू नका, बंद पाकीट टाका. आणि तेही बाबांच्या घरी नको, पाकिटावर लिहिलेल्या माझ्या खोलीच्या पत्त्यावर. कार्ड पोस्टमनपासून घरमालकिणीपर्यंत सगळे वाचतात. बाबांना कळलं तर उगीच वाढेल.

यशू शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, असं तुम्ही लिहिलं आहे. सात वर्षांचं लेकरू, आई नाही, पोटात नीट अन्न जात नसेल. अशक्तपणा असेल. तुमच्या बरोबरीचे सटवाजी इथं ऑफिसच्या कामाला आले आहेत, त्यांच्या हाती टॉनिकच्या दोन बाटल्या पाठवतो. सॅम्पलच्या आहेत. चवीला गोड, पोरं आवडीनं पितात.

मावशी म्हणतात की त्यांची सून, आपली मनकर्णा आक्काच, लेकीला धरायलीय. दाजी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, दारावर पंचशीलाचा झेंडा आणि आत हे? आपण हे सगळं सोडून तीस वर्षं झाली की! मावशींना समजावा. तुम्ही लाँगमार्चला जाऊन लाठ्या खाल्लेला माणूस, भुताला काय भिता?

नोकरीचं विचारलंत. बरी आहे. जानेवारीत कंपनीनं मला तीन आठवडे मुंबईला ट्रेनिंगला नेलं होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. तोवर मी औषधं विकत होतो, तिथं औषधाचा धंदा शिकलो. दोन्हींत फार फरक आहे. आपल्याला वाटतं, रोग आहे म्हणून औषध आहे. तिथं समजलं, औषध टिकतं ते त्यात काही नफा सुटतो तोवर. काही औषधांचे भाव सरकारनं दिल्लीत बांधून दिले आहेत. गोळी बनवायला काय लागलं ते दाखवायचं, वर ठरलेले टक्के घ्यायचे, त्यापुढं एक पैसा नाही. टॉनिकला असली दावण नाही. मग कंपनी कशावर जोर देणार? शिकवायला आमचे सेल्सचे मोठे साहेब होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमची बॅग किती जड आहे?" कुणालाच काही कळेना. म्हणाले, "जे पैसे देतं तेवढंच बॅगेत ठेवा, खांदा दुखणार नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं होतं. दहा बाटल्या उचलल्या की दोन फुकट, हे कुठल्या दुकानदाराला सांगायचं. कुठल्या डॉक्टरच्या टेबलावर कंपनीचं घड्याळ ठेवायचं आणि कुठल्याच्या फक्त कॅलेंडर. सगळं लिहून घेतलं. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. चौदा औषधांची यादी दिली होती, कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं ते उभं राहून सांगायचं. परभणी जिल्ह्यातून गेलेला मी एकटा, आणि पहिला नंबर माझा आला. टाळ्या वाजल्या. साहेबांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून मला दिलं. त्या पेनानं मी लिहीत नाही, तुम्ही विचाराल म्हणून सांगून ठेवलं.

आताशा परभणीच्या मेडिकलवाल्यांकडे काही काही साध्या गोळ्याही मिळत नाहीत. गिऱ्हाइकं दुकानदाराशी भांडतात. तो बिचारा काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात

ही म्हण अर्धीच राहू द्या.

जाता जाता एक क्षुल्लक काम. आक्काच्या पेटीत ताकदीच्या गोळ्यांची बाटली असेल, एप्रिलात तुम्हीच माझ्याकडून नेली होती ती. तिची मुदत संपत आली आहे. सटवाजींच्या हाती परत पाठवा. फेकू नका, कुणाला देऊही नका. कंपनीचा तसा नियम असतो.

यशूला गोड पापा. मावशींना जयभीम.

तुमचा
रंगनाथ


परभणी
रविवार, १७ ऑगस्ट १९८६

ति. दाजी,
जयभीम.

तुमचं पाकीट गुरुवारी मिळालं. तेव्हापासून बॅगेत घेऊन फिरतो आहे. पंधरा ऑगस्टला सुट्टी होती, उत्तर लिहायला बसलो, आणि घरमालकिणीचा स्टोव्ह दुरुस्त करून दिला.

यशू महिन्यात तीनदा पडली, त्यात एकदा चुलीपाशी. मावशींनी झडप घालून ओढलं म्हणून वाचली. आणि शुद्धीवर येताना ती पुटपुटते, "कडू न्हाई, कडू न्हाई." हे वाचलं आणि मी पत्र उलटं करून ठेवलं. मावशींनी याचा अर्थ लावला की मनकर्णा कडू मागायलीय. म्हणून पोळ्याच्या अमावस्येला भगत येणार, यशूला कडुनिंबाचा रस पाजणार, मिरच्यांची धुरी देणार, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर तापल्या सळईचा डाग.

आणि खाली तुम्ही लिहिता, "तिच्या आईच्या ताकदीच्या गोळ्या पडून हायेत. सटवाजीकडं दिल्या न्हाईत, यशूच्या कामी येतील म्हणून ठिवल्या. त्याच देऊ का?"

नका देऊ. दाजी, त्यातली एकही गोळी देऊ नका. टॉनिकही बंद करा. टॉनिक पाठवलं तेव्हाच मला माहीत होतं की तिच्या दुखण्यावर त्याचा काही उपयोग नाही.

आता जे लिहितो ते बसून वाचा.

आक्काला फेफरं होतं. अकरा वर्षांची असताना कापूस वेचता वेचता ती पहिल्यांदा पडली. बाबांनी परभणीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली, रोज संध्याकाळी एक. त्या गोळीनं आक्का आपल्यासारखीच झाली. शाळेत गेली, शेतात गेली, झिम्मा खेळली. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, "ही एकाएकी तोडायची नाही. तोडलीत तर पूर्वीपेक्षा वाईट येईल."

तुम्ही तिला बघायला आलात तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी बाबांनी मला आणि आईला बसवून सांगितलं, "दुखणं गोळीनं झाकलंय, आपून तोंडानं कशाला उघडं करायचं?" फेफऱ्याची पोर कोण पत्करतं? तुम्ही पत्करली असती की नाही, हे आम्ही तुम्हाला ठरवूच दिलं नाही. हा पहिला गुन्हा, आणि तो आमच्या सगळ्या घराचा आहे.

पुढच्याच वर्षी नामांतराच्या जाळपोळीत आमचं घर गेलं. आईनं त्यातून दोन वस्तू बाहेर काढल्या, बाबासाहेबांचा फोटो आणि आक्कासाठी आणून ठेवलेल्या गोळ्या. आम्ही परभणीला आलो. मी स्कॉलरशिपवर फार्मसीचा डिप्लोमा केला, आणि गोळ्या पोचवायचं काम बाबांकडून माझ्याकडे आलं. कंपनीच्या व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत त्या गोळ्या भरायच्या आणि वर ताकदीच्या गोळ्यांचं लेबल तसंच ठेवायचं, ही युक्ती माझी. आक्का दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला माहेरी यायची ते भीमगीतं ऐकायला येतच होती, पण डॉक्टरांना दाखवायलाही येत होती. तुमच्या घरी सगळे कौतुकानं म्हणायचे, भाऊ औषधवाला आहे, बहिणीला सुकू देत नाही.

ती गोळी बनवायची आमचीच कंपनी.

मुंबईच्या यादीत ती नवव्या नंबरावर होती. मी उभा राहिलो आणि फळ्यावर आकडे मांडले. सरकारनं भाव बांधलेला, कच्चा माल महागला, भाव वाढवून मागितला तर फाईल दिल्लीत पडून राहणार. त्याच मशीनवर व्हिटॅमिनच्या गोळ्या काढल्या तर चौपट सुटेल. "नऊ नंबर बंद करावा," असं मी म्हणालो. नागपूरकडचा एक मुलगा होता, त्यानं विचारलं, "आणि पेशंट?" मी म्हणालो, "दुसरी कुठली तरी कंपनी बनवीलच की." त्यावर टाळ्या पडल्या. बोलताना मला आक्का आठवली नाही असं नाही, दाजी. आठवली. पण ते सगळं कागदावरचं होतं, आणि पहिला नंबर समोर दिसत होता.

नंतर चहाच्या वेळी साहेब हसत म्हणाले, "तू सांगायच्या आधीच बंद करायचं ठरलंय. आम्ही बघत होतो कुणाला दिसतं ते." म्हणजे माझ्यामुळं बंद झाली नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल! पण मला जानेवारीत कळलं होतं. इथले आमचे स्टॉकिस्ट, म्हणजे कंपनीचा माल साठवणारे घाऊक दुकानदार व्यंकटराव, यांच्याकडे तेव्हा त्या गोळीचे सतरा डबे होते. दोन डबे उचलून ठेवले असते तर आक्काची कितीतरी वर्षं निघाली असती. मी टॉनिकचं टार्गेट पुरं करायच्या मागं होतो. मार्चमध्ये एक दिवस व्यंकटरावांचा माणूस म्हणाला, "ती गोळी संपली, आता यायची नाही." मी बरं म्हणालो.

गोळी मिळेनाशी झाली, आणि आक्का आडावर पाणी शेंदताना झटका येऊन पडली. तिनं जीव दिला नाही. असं झालं.

मावशींना हसू नका. मागच्या पत्रात मीच तुम्हाला शहाणपण शिकवलं, ते परत घेतो. जिंतूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळी अकराला बसलो होतो. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई पाठमोरी बसलेली. वेणी ओली, पाठीवरचं लुगडं ओलं. बाहेर कोरडं ऊन होतं. ती न वळता म्हणाली, "रंगा, आणल्यास का रे?" मी बॅग उघडली आणि सगळी सॅम्पलं फरशीवर सांडली. कंपाउंडर धावत आला. बाकावर एक म्हातारा होता. भूत नव्हतं, हे मला कळतं. कळून काही फायदा होत नाही. हल्ली बॅगेत गोळ्यांची बाटली खुळखुळली तरी मला पुढचं बोलणं सुचत नाही. डॉक्टर म्हणतात, "रंगनाथ, तब्येत बरी नाही का?"

यशूला आईचंच दुखणं आलं असावं. तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. भगताला येऊ देऊ नका. मावशींना यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. बाबांना मात्र इतक्यात काही कळू देऊ नका. त्यांचं वय झालं आहे, आणि इभ्रतीला फार जपणारे आहेत.

तुमचा
रंगनाथ


परभणी
सोमवार, १ सप्टेंबर १९८६

दाजी,
जयभीम.

तुमच्या पाकिटात दोनच ओळी निघाल्या. पहिली तुमची. "गोळी मार्चातच संपली म्हणतूस, मंग एप्रिलात मी तुझ्या हातून नेली ती बाटली कशाची व्हती?"

दुसरी यशूची. तुम्ही तिला जवळ घेऊन विचारलंत, कडू न्हाई म्हणजे काय गं? ती म्हणाली, "आई म्हणली व्हती, ह्या गोळ्या कडू न्हाईत. पण मामानं दिल्यात, म्हंजी बरूबरच असतील."

मागचं सगळं पत्र मी या एका बाटलीला वळसा घालून लिहिलं होतं. तुम्ही तीन पानांतून बरोबर तिथंच बोट ठेवलंत.

कॅल्शियमच्या होत्या. खडूसारख्या लागतात.

नऊ एप्रिलला दुपारी मी व्यंकटरावांच्या दुकानात होतो. तुम्ही खाकी कपड्यांतच आलात, हातात मावशींसाठी घेतलेली तेलाची बाटली होती. म्हणालात, "मनकर्णीनं सांगितलंय, रंगाकडून बाटली आणा, चारच गोळ्या राहिल्यात. यंदा जयंतीला येणं व्हत न्हाई, आईचं गुडघं लय धरलंय." मी तुम्हाला बाकावर बसवून चहा सांगितला. तुम्ही कपातला चहा बशीत ओतत म्हणालात, "तुझ्या गोळ्यांनी लय फरक हाय बघ. नऊ वर्षांत खाटंला खिळली न्हाई."

मी आत गोदामात गेलो. फळीवरची ती जागा रिकामी होती, ते मला ठाऊकच होतं. तरी गेलो. बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं, "दाजी, थांबा, त्या ताकदीच्या गोळ्या नाहीत. तुमच्या बायकोला फेफरं आहे आणि तिचं औषध संपलं आहे." दिवसाला वीस डॉक्टरांसमोर घडाघडा बोलणारा मी, मला हे वाक्य तोंडातून काढता येईना. तुमचं तोंड बघितलं आणि वाटलं, नऊ वर्षांचा संसार या दुकानाच्या पायरीवर मोडेल. बाबांची मान खाली जाईल. आणि खरं सांगायचं तर तुमच्या नजरेतला माझा मान जाईल, हेही वाटलं. मग मी कॅल्शियमचा डबा उघडला. रंग तोच, आकार जवळजवळ तोच. साठ गोळ्या बाटलीत भरल्या, लेबल अंगठ्यानं दाबलं आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही ती शर्टाच्या खिशात ठेवून वरून रुमाल कोंबलात, पडू नये म्हणून.

आठ दिवसांत नांदेडहून गोळ्या मागवू आणि स्वतः जाऊन देऊ, असं ठरवलं होतं. मग औरंगाबादला कंपनीची मीटिंग निघाली. मग जयंती आली, मिरवणुकीत नाचलो. वीस तारखेला तुमच्याकडून निरोप घेऊन माणूस आला, तेव्हा मी दाराशीच खाली बसलो. त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. तेही आजच लिहितो, नाहीतर पुन्हा लपवीन.

परवा यशूसाठी म्हणून मी इथल्या सरकारी दवाखान्यात गेलो. औषधं देतात त्या खिडकीवरच्या माणसाला त्या गोळीचं नाव सांगितलं. त्यानं मान वर न करता मागच्या कपाटाकडं बोट केलं. दुसऱ्या कंपनीची, तीच गोळी. मी विचारलं, ही कधीपासून आहे? म्हणाला, "कायमच असती की. तुम्ही लोक कवा येता इकडं?"

कधीच नाही येत, दाजी. सरकारी दवाखान्यात माल टेंडरनं जातो, तिथल्या डॉक्टरला भेटून आमचं काही विकलं जात नाही. म्हणून ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, तिथं वेळ घालवू नका. चार वर्षांत मी त्या दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो. व्यंकटरावांच्या दुकानापासून तो चालत दहा मिनिटांवर आहे. तुमचा चहा पिऊन होईपर्यंत मी जाऊन, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, गोळी आणू शकलो असतो. मला ते सुचलंच नाही. पहिला नंबर आलेल्या माणसाला गोळी फक्त आपल्या कंपनीची दिसते.

मी तिथल्या औषधांच्या खिडकीसमोर उभा होतो आणि मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता. मी वळलो नाही. या वेळी तिनं काही विचारलंही नाही.

काल बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसून दाढी करत होते. अर्धी झाली होती. सगळं ऐकून त्यांनी वस्तरा पुसला, घडी करून ठेवला आणि म्हणाले, "मी त्या पोराला तिच्या मातीला शिव्या दिल्या रे." मग म्हणाले, "झाकायचं मीच शिकवलं तुला." उरलेली दाढी त्यांनी केलीच नाही, तसेच बसून राहिले. आईनं मला जेवायला वाढलं नाही आणि मी मागितलं नाही. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आश्रुबाला सांग, मी येतो. पण त्यानं बोलावल्याबिगर उंबऱ्यात पाय ठिवणार न्हाई."

आता यशूचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मी बोललो आहे. आईला हेच होतं, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तपासल्याशिवाय काही देणार नाही, पण वेळेवर आणलं तर पोर शाळेत जाईल, खेळेल, सगळं करील. बुधवारी सकाळी पहिल्या गाडीनं मी जिंतूरमार्गे तुमच्याकडे येतो. त्याच दिवशी तिला घेऊन परभणीला यायचं आहे. गुरुवारी अमावस्या आहे. त्या दिवशी ती भगताच्या हाती असता कामा नये. गोळी लागली तर ती तुमच्या डोळ्यांदेखत, तिच्या खऱ्या नावाच्या पाकिटातून घ्यायची. वर्गात तिच्या गुरुजींना सांगायचं. सोयरीक बघायला कुणी येईल तेव्हा त्यांनाही सांगायचं. जो ऐकून उठून जाईल त्याला जाऊ द्यायचं.

बुधवारी येणारच आहेस तर आधी पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. समोर बसलो की मी गोड बोलेन, दाजी. माझं तोंड विकायला शिकलेलं आहे, ते कुठलीही गोष्ट थोडी वळवून, थोडी झाकून सांगतं. मागच्या पत्रात ते तुम्ही बघितलंत. म्हणून हे सगळं आधी कागदावर बांधून सटवाजींच्या हाती पाठवतो, म्हणजे मला यातून मागं फिरता येणार नाही.

हे पत्र आधी मावशींना वाचून दाखवा. त्यांना सांगा, त्यांची सून त्यांच्या नातीला धरत नाही. मग विहारात सगळी वस्ती जमवून मोठ्यानं वाचा. एकही ओळ गाळू नका, माझ्या लाजेची तर मुळीच नको. पोलीस पाटलाला द्यावंसं वाटलं तर द्या, खाली माझी सही आहे आणि मी पूर्ण शुद्धीवर लिहिलं आहे. नोकरी राहील की जाईल ते मला आज माहीत नाही. ज्या दिवशी हे पत्र वाचलं जाईल त्या दिवशी कळेल.

तुम्ही मला माफ करावं असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर तेही काहीतरी गळ्यात मारल्यासारखं होईल. बुधवारी तुम्ही दार उघडलं नाही तर मी वस्तीबाहेर थांबेन. यशूला सटवाजींबरोबर पाठवा, पण पाठवा. तिच्यासाठी मी तुमच्या पाया पडतो, माझ्यासाठी नाही.

साडेचार महिने लोक तुम्हाला विचारत आले, मनकर्णानं उडी का टाकली? तुम्ही एकटे उत्तर देत राहिलात आणि कुणी ऐकलं नाही. यापुढं विचारलं तर माझ्याकडं बोट दाखवा. मी तिथंच उभा असेन.

जिनं जीव दिला नाही, त्या मनकर्णेचा भाऊ,
रंगनाथ